चाळीस हजार कोटी तारे आणि वैतागलेले खेळाडू

(मंडळाच्या मासिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



याच जागेवरून मागच्या वेळी पेन्शनवर व्याख्यान झालं, त्याच्या आधी मधुमेहावर. त्या मानाने माझा विषय पोरकट वाटेल. एक व्हिडिओ गेम आणि त्याच्यावर चिडलेली माणसं. विषय जाहीर झाल्याबरोबर मागच्या रांगेतली मुलं सरळ बसली आणि पुढच्या रांगेतले आईवडील खुर्चीत मागे रेलले, ते मला इथून दिसलं. पण पुढच्या रांगेतल्यांनीच आज जास्त लक्ष द्यावं अशी माझी विनंती आहे. कारण आपल्यातले निम्मे लोक सॉफ्टवेअर बनवतात आणि उरलेले निम्मे ते रोज सोसतात.

माझा स्वतःचा धंदा सॉफ्टवेअर तपासण्याचा. टेस्टिंग. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि व्यवस्थित लिहून त्याला कळवायच्या. ऑफिसात या कामाचा पगार मिळतो, घरी केलं की भांडणं होतात. तर त्या नजरेने मी ही गोष्ट सांगणार आहे.

गोष्ट सुरू होते आपल्या इथल्या केंब्रिजमध्ये. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे तिथले दोन विद्यार्थी. त्यांनी १९८४ साली ‘एलिट’ नावाचा गेम लिहिला, तो बीबीसी मायक्रो या संगणकासाठी. त्या संगणकाची मेमरी होती ३२ किलोबाइट. आज तुमच्या फोनमधला नातवाचा एक फोटो त्याच्या शंभरपट मोठा असू शकतो. एवढ्याशा जागेत या दोघांनी आठ आकाशगंगा बसवल्या, आणि प्रत्येकीत २५६ तारे! प्रत्येक ताऱ्याला नाव, तिथलं सरकार, तिथला बाजारभाव. हे बसवलं कसं? बसवलंच नाही. तारे साठवून ठेवले नव्हते, ते दर वेळी एका सूत्रातून नव्याने काढले जायचे. एखाद्याला पाढे पाठ नाहीत, पण विचारलं की तो बेरजा करून बिनचूक उत्तर देतो, तसं. आणि सूत्र तेच असल्यामुळे उत्तरही दर वेळी तेच.

या खेळात ‘जिंकणं’ फारसं नाही. तुमच्याकडे एक लहानसं यान. इथून धान्य घ्या, तिथे विका, वाटेत चाचे आले तर लढा किंवा पळा. यानांची नावं सापांची. कोब्रा, क्रेट, व्हायपर, पायथन, ॲनाकोंडा. जाता जाता सांगतो, कोब्रा हा शब्द पोर्तुगीज, आणि आपल्याकडच्या नागाला पाहून पोर्तुगीजांनी ‘टोपीवाला साप’ अशा अर्थाने जे नाव ठेवलं त्यातूनच तो इंग्रजीत आला. क्रेट म्हणजे आपली मण्यार, आणि घोणस ही व्हायपरच्याच कुळातली. म्हणजे कोकणात ज्यांना बघून आपण पायातली चप्पल तिथेच टाकून धावत सुटायचो, त्यांच्यात बसून ही मंडळी अंतराळात फिरत होती. असो.

१९९३ साली दुसरा भाग आला आणि १९९५ साली तिसरा. हा तिसरा भाग महत्त्वाचा, कारण तो बाजारात आला तेव्हा चुकांनी बुजबुजलेला होता. ब्रेबेन यांचं म्हणणं असं की प्रकाशकाने काम पुरं होण्याआधीच तो विकायला काढला. त्यावरून कोर्टकचेरीही झाली. हे नीट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग बरीच वर्षं काही नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात ब्रेबेन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने लोकांकडे वर्गणी मागितली. हवे होते साडेबारा लाख पौंड, जमले पंधरा लाखांच्या वर. देणारे सुमारे पंचवीस हजार, आणि त्यांत चाळिशीतली, लहानपणी एलिट खेळलेली बरीच माणसं. डिसेंबर २०१४ मध्ये ‘एलिट डेंजरस’ आला. त्याच्या आधी महिनाभर एक ठिणगी पडली होतीच. इंटरनेटशिवाय एकट्याने खेळता येईल असं जे वचन होतं, ते नोव्हेंबरात मागे घेतलं गेलं, आणि वर्गणीदार बरेच रागावले.

पण जे आलं ते बघून लोक रागही विसरले. आपली अख्खी आकाशगंगा, खऱ्या मापाची! ४०,००० कोटी तारे. माहीत असलेले तारे जिथल्या तिथे, आणि बाकीचे त्याच जुन्या युक्तीने, सूत्रातून. तुम्ही रोहिणीकडे जाऊ शकता, ज्येष्ठेकडे जाऊ शकता. व्याधाच्या ताऱ्याकडे जायला मात्र परवाना लागतो. एवढंच काय, आपल्या स्वतःच्या सूर्यमालेत यायलाही परवाना लागतो. नव्या खेळाडूने तिथल्या सरकारची कामं करायची, एक ठरावीक हुद्दा मिळवायचा, मग पृथ्वी बघायला मिळते. हसू नका. होम ऑफिसच्या पत्राची वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे अजिबात काल्पनिक वाटणार नाही.

आता या खेळात माणसं करतात काय, ते सांगितल्याशिवाय पुढचा राग समजणार नाही. आकाशगंगेच्या मध्यापर्यंत जायचं तर सुमारे २६,००० प्रकाशवर्षं. एका उडीत यान पन्नास-साठ प्रकाशवर्षं जातं. म्हणजे शेकडो उड्या. पलीकडच्या टोकाला बीगल पॉइंट नावाची जागा आहे, ६५,००० प्रकाशवर्षांवर. २०१९ च्या जानेवारीत खेळाडूंनी स्वतःच आखलेली एक मोहीम तिकडे निघाली. १३,००० हून जास्त माणसं त्यात होती. कित्येक महिन्यांची वारीच म्हणा ना! ठरलेले मुक्काम, हळू चालणाऱ्यांसाठी थांबणं, वाटेत सगळ्यांनी मिळून आकाशगंगेच्या मध्याजवळ एक स्थानक उभारलं. तुम्ही ज्या ताऱ्यापाशी सगळ्यांत आधी पोचता, त्याच्या माहितीत तुमचं नाव कायमचं लागतं. पण त्यात एक मेख आहे. गोळा केलेली माहिती परत आणून विकेपर्यंत ती तुमची नाही. वाटेत यान फुटलं की महिनोन्‌महिन्यांची माहिती गेली. मग ते तुमच्या चुकीने फुटो की प्रोग्रामच्या.

आणखी एक मंडळ आहे, फ्युएल रॅट्स. इंधनाचे उंदीर. कुणाचं इंधन अंतराळात संपलं आणि त्याने हाक मारली, की हे स्वयंसेवक शेकडो प्रकाशवर्षं उड्या मारत त्याला इंधन द्यायला जातात. फुकट. मंडळाच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला माणसं मिळत नाहीत म्हणून आपण रडतो, आणि इथे अनोळखी माणसाला पेट्रोल द्यायला रात्री दोन वाजता लोक उठतात! माझं म्हणणं एवढंच की ही जागा त्यांच्यासाठी नुसता खेळ राहिलेली नव्हती. सहा-सहा वर्षांचा वावर होता तिथला.

जून २०२० मध्ये नवी पुरवणी जाहीर झाली. तिचं नाव ‘ओडिसी’. एवढी वर्षं खेळाडू यानाच्या खुर्चीला खिळलेला होता. ग्रहावर उतरता यायचं, गाडीही चालवता यायची, पण दार उघडून पाय खाली टेकवता यायचा नाही. ओडिसीत तो टेकवता येणार होता. पातळ हवेचे ग्रह, त्यांच्यावरचं रंगीत आकाश, वस्त्या, वनस्पती. लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्या माणसाला ‘बाहेर पडून चालता येईल’ हे काय वाटलं असेल, विचार करा.

२९ मार्च २०२१ ला चाचणीची आवृत्ती आली. आता मी माझ्या धंद्याचं बोलतो. चाचणीत भाग घ्यायचा तर महागातली आवृत्ती आधी विकत घ्यायची. म्हणजे मला तपासायचे पैसे मिळतात, आणि इथे लोकांनी पैसे भरून तपासलं! आणि मन लावून तपासलं. कुठे खेळ अडखळतो, कुठे बंद पडतो, कोणत्या कार्डावर किती चित्रं दिसतात, सगळं कळवलं. मे महिन्याच्या सुरुवातीला चाचणी संपली आणि १९ मे ला पुरवणी विकायला आली. मधे जेमतेम दोन आठवडे. इथे माझ्यासारखे जे टेस्टर बसले आहेत त्यांनी माना हलवायला सुरुवात केली आहे. दोन आठवड्यांत चुकांची यादी वाचून होते, चुका दुरुस्त होत नाहीत.

आणि तसंच झालं. डोळ्याला हालचाल सलग वाटायला सेकंदाला साठ चित्रं असली की बरं. चांगल्या महागड्या ग्राफिक्स कार्डांवरही वस्तीत शिरलं की ती वीस-पंचवीसवर यायची. २०२१ हे वर्ष आठवा, कार्डं मिळत नव्हती, लोकांनी दुप्पट किमती मोजल्या होत्या. खेळाडूंनी मग स्वतःच तपास केला. त्यांना दिसलं की भिंतीमागच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूही संगणक इमाने इतबारे रंगवत बसतोय. वाड्यात एकाच खोलीत माणसं जेवायला बसली आहेत आणि आपण माळ्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळीकडे कंदील लावून ठेवलेत, असा तो प्रकार. पुढच्या दुरुस्त्यांमध्ये कंपनीने यावर काम केलं.

शिवाय सर्व्हरशी संपर्क तुटायचा. त्या वेळी पडद्यावर जो संदेश येतो त्यालाही एक रंग आणि एक साप असं नाव असतं, मॉव्ह ॲडर, टोप कोब्रा, स्कार्लेट क्रेट. नावं इतकी गोंडस की राग यावा की हसू, तेच कळू नये. कामगिरी पुरी केली तरी तिची नोंद व्हायची नाही. आणि ज्याने जुन्या फिरस्त्यांचं मन दुखावलं ते वेगळंच होतं. जमीन तयार करण्याची पद्धत बदलली होती. एकाच ग्रहावर तोच डोंगर, त्याच वळणाचा, शिक्का मारल्यासारखा पुन्हा पुन्हा दिसायला लागला. आणि ज्या दऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं शोधून, नावं देऊन ठेवल्या होत्या, त्यांतल्या काही होत्या तशा राहिल्या नाहीत. चार वर्षांनी गावी जावं आणि नदीचं वळण जागेवर नसावं. ते आपल्याला इथे कुणी समजावून सांगायला नको.

चिडलेल्या खेळाडूला ‘अहो, खेळच तर आहे’ असं सांगणाऱ्याला मी एवढंच विचारतो, की पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट बुक करून तुम्ही ताबा घेतला आहे का? हप्ते वेळेवर भरले, ब्रोशरमध्ये बाग दिसत होती, ताबा मिळाला तेव्हा लिफ्ट बंद आणि नळाला पाणी नाही. बिल्डर म्हणतो, ‘साहेब, राहायला या, हळूहळू होईल सगळं.’ तुम्ही ओरडलात ते बाग नाही म्हणून नव्हे. लिफ्ट बंद आहे हे त्याला ठाऊक होतं आणि तरी त्याने चावी हातावर ठेवली, म्हणून. ओडिसीच्या वेळचा राग नेमका या जातीचा होता. चुका कुठल्याही मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, हे खेळाडूंना तुमच्या-माझ्याइतकंच कळतं. पण या चुका त्यांनी आधीच लिहून दिल्या होत्या.

कंपनीची तक्रारी नोंदवायची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. तुम्ही चूक नोंदवायची. मग इतर खेळाडूंनी ‘हो, आम्हालाही दिसली’ असं सांगायचं. पुरेशी माणसं पुढे आली नाहीत तर ठरावीक दिवसांनी तक्रार आपोआप मुदतबाह्य. कामाचा पसारा आवरायला अशी काहीतरी चाळणी लागते, हे मी टेस्टर म्हणून मान्य करतो. पण चूक तिथेच आहे आणि तक्रार मात्र मुदतबाह्य झाली, हे वाचल्यावर माणसाचं काय होत असेल!

स्टीम या दुकानावर ओडिसीचे अभिप्राय ‘बहुतांशी नकारात्मक’ झाले. २४ मे ला, म्हणजे पाचव्या दिवशी, ब्रेबेन यांनी जाहीर माफी मागितली. मग दुरुस्त्यांवर दुरुस्त्या. वरातीमागून घोडं, दर थोड्या दिवसांनी एक.

मग १९ मे हीच तारीख का? या कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मे ला संपतं. खेळाडूंनी त्यावरून जो निष्कर्ष काढायचा तो काढला. आतल्या बैठकीत काय झालं ते आपण ऐकलेलं नाही, तेव्हा मी शपथेवर काही सांगणार नाही. पण एवढी वर्षं या धंद्यात काढल्यावर तारखेचं वजन काय असतं ते मला ठाऊक आहे. दिवाळी अंक दिवाळीनंतर निघाला तर कोण वाचणार, म्हणून आपणही शुद्धलेखनाच्या चुकांसकट अंक छापतोच की. आपले संपादक इथेच बसलेत, ते नाही म्हणणार नाहीत. फक्त आपला अंक आपण तीस पौंडांना विकत नाही.

आणि आता ते १९९५ साल आठवा. त्या वेळी ब्रेबेन म्हणू शकत होते की प्रकाशकाने घाई केली. २०२१ मध्ये प्रकाशक दुसरा कुणी नव्हताच. गेम त्यांच्याच कंपनीने बनवला आणि त्यांच्याच कंपनीने विकला. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यांत जास्त विचार करायला लावते.

मुलं मला विचारतात, पैसे परत मिळत नाहीत का? स्टीमचा नियम असा की घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर परत. पण ज्या खेळात नुसती मध्यापर्यंत उडी मारायला शेकडो उड्या लागतात, तिथे दोन तासांत काय समजणार? सेटिंग बदलून बदलून बघण्यातच ते जातात. आपल्या देशात १ ऑक्टोबर २०१५ पासून ग्राहक हक्क कायदा लागू आहे आणि त्यात डिजिटल वस्तूंसाठी वेगळं प्रकरण आहे. वस्तू समाधानकारक दर्जाची हवी, सांगितली तशी हवी. मात्र एक फरक आहे. सदोष किटली तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. उतरवून घेतलेल्या गेमसाठी तो थेट परत करण्याचा हक्क नाही. विकणाऱ्याला आधी दुरुस्तीची संधी, ती वाजवी वेळेत जमली नाही तर किमतीत सूट. आता सांगा, ‘आधी विका, मग दुरुस्त करा’ हे कुणाच्या सोयीचं? कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण किटली बनवणारा इतका निवांत राहू शकत नाही.

एक गोष्ट मुलांसाठी. प्रोग्रामरला शिव्या घालू नका. तारीख तो ठरवत नाही. चूक त्याला तुमच्या आधी माहीत असते, आणि बहुतेक वेळा त्याने ती लिहूनही ठेवलेली असते. दोन वेळा बघा, कसं केलं म्हणजे चूक दिसते ते पायरीपायरीने लिहा आणि कळवा. नीट लिहिलेली एक तक्रार पन्नास शिव्यांपेक्षा जास्त टोचते. अनुभवाचे बोल आहेत.

पुढे काय झालं ते सांगून थांबतो. जुलै २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आधी पीसीवरची आवृत्ती धड करू, टीव्हीला जोडायच्या डब्यांसाठीची, म्हणजे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठीची, तूर्त थांबवू. ती माणसं थांबली. १० मार्च २०२२ ला निकाल आला. त्यांच्यासाठी ओडिसी येणारच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आकाशगंगेच्या दोन प्रती झाल्या, एक चालती आणि एक थांबलेली. प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवाले थांबलेल्या प्रतीत राहिले. पीसी असेल तर खात्याची नक्कल करून तिकडे जाण्याची सोय दिली होती, पण ज्याने डबाच घेतला त्याच्याकडे तो खेळ खेळण्याजोगा पीसी असतोच असं नाही. पीसीवाल्यांना निदान दुरुस्त्या मिळाल्या. यांना सदोष वस्तूही मिळाली नाही, पण तिची किंमत मात्र यांनीच मोजली. या प्रकरणात कुणावर खरा अन्याय झाला असेल तर तो यांच्यावर.

पीसीवरचा खेळ सावरला, हेही सांगायला हवं. वर्ष-दीड वर्ष दुरुस्त्या येत राहिल्या. नंतर परग्रहवासीयांशी मोठं युद्ध झालं, डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचं एक अजस्र यान थेट सूर्यमालेत आलं आणि हजारो खेळाडूंनी मिळून ते पाडलं. फेब्रुवारी २०२५ पासून खेळाडूंना रिकाम्या ताऱ्यांभोवती स्वतःच्या वस्त्या वसवता येऊ लागल्या. २०२१ मध्ये ‘यापुढे एक पैसा देणार नाही’ म्हणणारे कितीतरी जण त्या वस्त्यांसाठी पोलाद वाहताना दिसले. फ्युएल रॅट्सचं काम तर या सगळ्या गोंधळात कधी थांबलंच नव्हतं.

सूत्रसंचालक मघापासून घड्याळ दाखवतायत. चहा तयार आहे, बटाटेवडे गरम आहेत असं कळतं. प्रश्न असतील तर तिथेच विचारा. आणि ‘तुम्ही स्वतः दिवसाला किती तास खेळता’ हा प्रश्न आमच्या घरच्या मंडळींनी कृपया सगळ्यांसमोर विचारू नये.